चिंधी बांधलेली कणसं

सगळं ठीक झालं, हे आधीच सांगून टाकतो. ही हकिगत मी आतापर्यंत तीन घरांत सांगितली आणि तिन्ही वेळा मधेच कोणीतरी विचारलं, "मग पुढे काय झालं हो?" तेव्हा वाचणाऱ्यांना उगाच घोर नको. शेवट बरा झाला आणि आम्ही दोघं नाशिकला सुखरूप परत आलो. माझं वजन सहाशे ग्रॅमनी वाढलं, तेवढाच काय तो फरक.

आमच्या ओळखीत कोणी बुलढाणा जिल्ह्यात सहलीसाठी गेल्याचं मला आठवत नाही. लोक शेगावला दर्शनाला जातात, काही लोणारचं सरोवर पाहतात आणि परततात. शेतावर चार दिवस राहायला जायचं ही कल्पना माझी बायको सुषमा हिची. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका शेताचा पत्ता दिला होता. घरचीच माणसं पाहुण्यांची सोय करतात, दोनच खोल्या आहेत, आणि संक्रांतीच्या आधी गेलात तर हुरडा मिळेल, असं त्या म्हणाल्या होत्या. हुरडा म्हणजे ज्वारीचं कोवळं कणीस निखाऱ्यावर भाजून काढलेले दाणे. नाशिकला आम्ही तो वर्षातून एकदा पिशवीतून आणून खातो. तो शेतात बसून खायचा, एवढ्यासाठी मी रजा टाकली.

मलकापूरहून पुढे

मलकापूर स्टेशनवर दिगंबरभाऊ जीप घेऊन आले होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने सडसडीत. बोलताना दोन्ही हात स्टिअरिंगवरून सोडायचे, त्यामुळे मी त्यांना पहिले वीस किलोमीटर काहीच विचारलं नाही. मग त्यांनीच विचारलं, "जेवले का भाऊ?" सकाळचे साडेदहा वाजले होते. तिकडे हा प्रश्न कुठल्याही वेळी विचारतात आणि त्याचं उत्तर "हाव", म्हणजे हो, असलं तरी वाढायचं ते वाढतातच, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं.

शेत अकरा एकरांचं. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची लांब भिंत उभी आहे आणि उत्तरेला जमीन सपाट होत जाते, नजर कुठे अडत नाही. पऱ्हाटीला शेवटच्या वेचणीचा कापूस लटकत होता. हरभरा घाट्यांवर आला होता. मधल्या सव्वा एकरात ज्वारी. पाहुण्यांच्या दोन खोल्या मातीच्या विटांच्या, वर पत्रे आणि पत्र्यांवर तुराट्यांचा थर. सकाळी सहाला मी सोबत नेलेल्या थर्मामीटरवर बाहेर नऊ अंश होते, खोलीत सोळा. आमच्या नाशिकच्या सिमेंटच्या फ्लॅटमध्ये इतका फरक पडत नाही.

घरचा कारभार दिगंबरभाऊंच्या पत्नी मंदाताई पाहतात. कमी बोलणाऱ्या बाई. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी काळसर दिसते, पण खमंग लागते. भरताची वांगी हिरवी, हातभर लांब, काट्या पेटवून भाजलेली. नंतर ती लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरचीसकट कुटलेली. नाशिकला आम्ही भरतात कांदा-टोमॅटो परततो असं सुषमाने सांगितलं, तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "मंग ते भरीत कायचं? ते तं भाजी झाली." मी चार भाकरी खाल्ल्या. घरी माझा आकडा अडीचचा आहे.

संध्याकाळी मंदाताई सुषमाला शेत दाखवायला घेऊन गेल्या, मी विहिरीच्या पायऱ्या मोजत मागे राहिलो. (पाण्याबाहेरच्या एकोणतीस भरल्या; एकूण एकशे चार आहेत, असं दिगंबरभाऊ म्हणाले.) मी तेव्हा बरोबर जाऊन बांधापर्यंत पोचलो असतो, तर पुढचं काही घडलं नसतं. सुषमाही बांधापर्यंत पोचली नव्हती. तिच्या चपलेत गोखरूचा काटा शिरला आणि दोघी हरभऱ्यातूनच परत फिरल्या.

हिरव्या चिंध्या

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई संक्रांतीची सुगडी आणायला गावात गेल्या. सुगडी म्हणजे पूजेची छोटी मातीची बोळकी. कुंभाराकडून ती लवकर आणावी लागतात, नाहीतर चिरलेली मिळतात. सुषमा त्यांच्याबरोबर गेली. दिगंबरभाऊंनी खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवल्या आणि निखारा होईपर्यंत मला ज्वारीची कणसं तोडून आणायला सांगितलं. पाहुण्यांना स्वतः तोडायला आवडतं, असा त्यांचा अनुभव. टोपली हातात देत ते म्हणाले, "मधातली घ्या. आन बांधाकडच्या तासातली बी घेजा थोडी. त्याची गोडीच न्यारी हाये."

तास म्हणजे पेरणीची ओळ. बांधाला लागून चार तासं वेगळी दिसत होती. ताटं उंच, कणीस गच्च, दाणा थोडा चपटा आणि मोत्यासारखा पांढरट. त्यातली बरीच ताटं नुसती होती, कणसं आधीच हुरड्यासाठी काढलेली. काही कणसं चिमण्यांनी टिपून पोकळ केली होती. आणि काही कणसांच्या देठाला हिरव्या लुगड्याच्या काठाची बोटभर चिंधी बांधलेली होती. ती सगळ्यांत भरलेली, सरळ, निरोगी.

मी नाशिकच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मालतपासणीला आहे. आमच्याकडे तपासलेल्या मालाला हिरवी चिठ्ठी लागली की तो पास, उचलायला मोकळा. लाल चिठ्ठी असेल तर हात लावायचा नाही. शेतात चिंध्या पाहून मला वाटलं, काय टापटीप घर आहे हे! पाहुण्यांना कच्चं-पक्कं कळत नाही, म्हणून आधीच तपासून खुणा करून ठेवल्यात. मी एकेक हिरव्या चिंधीचं कणीस शोधून तोडलं. एकही सुटू नये म्हणून चारही तासांतून दोनदा फिरलो. एकतीस भरली. चिंध्या चांगल्या सुती होत्या, पुन्हा वापरता येतील म्हणून सोडून, घड्या घालून खिशात ठेवल्या. मधल्या शेतातली मग तोडलीच नाहीत. एकतीस पुरेशी होती.

दिगंबरभाऊंनी टोपलीतली कणसं पाहिली. चिंध्या माझ्या खिशात होत्या, त्यामुळे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी ती निखाऱ्यात खोचली, भाजली, गरम असतानाच तळहातांवर चोळून दाणे सुपात पाडले. सोबत जवसाची चटणी, गूळ, घरचं दही. तो हुरडा इतका गोड होता की मी गुळाला हात लावला नाही. बांधापलीकडचे दोन शेजारी हाकेसरशी आले आणि ओंजळीने खाऊन गेले. मंदाताई आणि सुषमा परत आल्या तेव्हा सुपात पसाभर उरला होता.

मी उठलो, खिशातून चिंध्यांची गुंडाळी काढली आणि मंदाताईंच्या हातात दिली. म्हणालो, "ताई, या तुमच्या चिंध्या. एकतीस आहेत, मोजून घ्या."

त्यांनी मोजल्या नाहीत. डोक्यावरची सुगड्यांची टोपली आधी खाली ठेवली आणि विचारलं, "कणसं कुठं हायेत?"

"खाल्ली न आता," दिगंबरभाऊ म्हणाले. "तूच तं म्हनली, पाहुन्याले पोटभर चारजा." एवढं बोलून झाल्यावर त्यांना चिंध्या दिसल्या.

मंदाताई बांधाकडे गेल्या. आम्ही तिघं मागून गेलो. त्यांनी चारही तासांतून एक फेरी मारली, मी मारली होती तशीच, आणि परत येऊन बांधावर बसल्या. मग जे कळलं ते असं. ही ज्वारी त्यांच्या आईची. तीस वर्षांपूर्वी लग्नात त्यांनी माहेराहून लुगड्याच्या पदरात बांधून आणलेली. आई गेली, भाऊ मका आणि सोयाबीन लावतात, आता ही ज्वारी माहेरी कोणाकडे नाही. दर वर्षी त्या चार तासं पेरतात. कणसं भरताना चांगली निवडून त्यांना चिंधी बांधतात. ती पूर्ण वाळू द्यायची, पुढच्या वर्षीचं बी म्हणून. मागच्या वर्षीचं उरलेलं बी पावसाळ्यात पत्रा गळून ओलं झालं आणि बुरशी लागून गेलं. म्हणजे जे काही होतं ते या एकतीस कणसांवर होतं, आणि ते कोवळं असताना भाजून आम्ही खाल्लं होतं.

दिगंबरभाऊंनी चिमण्यांच्या कणसांकडे बोट दाखवलं. त्यातून थोडं निघेल की.

"चिमन्यांचं उष्टं? दाना तरी हाये का त्यात?" मग माझ्याकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "चिंधी काऊन बांधते हे मले आजलोक कोनाले सांगा नाई लागलं, भाऊ. लेकराले बी समजते."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. माझ्या नोकरीत चूक झाली तर माल परत मागवता येतो, नवा करून देता येतो. इथे भरपाई कशाने करणार? मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि स्वयंपाकाला गेल्या. दुपारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता, सुषमाच्या म्हणण्यानुसार उत्तम. माझ्या घशाखाली अर्धी भाकरी उतरली.

जेवणं आटोपल्यावर दिगंबरभाऊ भीत भीत बायकोला म्हणाले, "तू आक्काले दिलती न थोडी, वाण म्हनून?"

"तिनं कोंबड्यांले टाकली असन," मंदाताई म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

आक्का म्हणजे दिगंबरभाऊंची थोरली बहीण, शोभाताई, देऊळघाटला दिलेली. तीन संक्रांतींपूर्वी मंदाताईंनी हळदीकुंकवाला इतर बायकांना स्टीलच्या वाट्या वाणात दिल्या आणि नणंदेला सुगड भरून ही ज्वारी दिली. त्यांच्या मते घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू. शोभाताईंनी सुगडात पाहिलं आणि भरल्या घरात म्हणाल्या, "सगळ्याइले वाटी, आन मले कोंबड्याइचे दाने." त्यानंतरही येणं-जाणं चालू होतं, पण या ज्वारीचं नाव दोघींपैकी कोणी काढलं नव्हतं. आता मंदाताई मागायला जायला तयार नव्हत्या. नाही म्हणाली तरी मान खाली, आणि टाकून दिली म्हणाली तर त्याहून वाईट.

मी म्हणालो, तुम्ही मागू नका. चूक माझी आहे, मी मागतो. तुम्ही नुसत्या चला, कारण दाणा ओळखणार तुम्हीच.

मंदाताईंनी हात पुसले. लुगडं बदलून त्या जीपमध्ये मागे बसल्या. सुषमा त्यांच्या शेजारी.

देऊळघाट

डोंगर चढून वर जायला तासाभराचा रस्ता. वळणावळणाला सीताफळीची पानगळ झालेली झुडपं आणि खाली पसरलेला पिवळा-हिरवा मुलूख. एरवी मी वळणं मोजली असती.  दिगंबरभाऊंनी या वेळी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते.

शोभाताईंचं घर गावाच्या कडेला, अंगणात गोठा, आणि अंगणभर कोंबड्या. त्या मी मोजल्या. अकरा होत्या, सगळ्या धष्टपुष्ट.

शोभाताई साठीच्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या. ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "या. भरदुपारी चार जनं जीप घेऊन आले, कोनी गेलं तं नाई न?"

मंदाताई जोत्याशीच उभ्या राहिल्या. मी पुढे झालो, कोण, कुठला ते सांगितलं आणि झालेली चूक पहिल्यापासून सांगितली. हिरव्या चिठ्ठीचंही सांगितलं. एकतीस हा आकडाही सांगितला. शोभाताईंनी तूर बाजूला सारून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळी खाल्ली?"

"सगळी."

"गोड होती?"

मी म्हटलं, फार गोड होती. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

त्या माझ्याकडे नाही, भावजयीकडे पाहून म्हणाल्या, "कोंबड्यांलेच टाकली होती मी. खोटं काय सांगू."

मंदाताई वळून जीपकडे निघाल्या. सुषमाने त्यांचा हात धरला. दिगंबरभाऊ खाली पाहत होते. तेवढ्यात शोभाताईंचा आवाज वाढला. "अवो थांब न! पुरतं ऐकून तं घे. माह्या कोंबड्या या माह्या भावावानी हायेत, अर्धं खाते न अर्धं उकरून ठेवते. पावसात गोठ्यामागं उगोली ते."

त्या उठल्या आणि गोठ्याच्या मागे चालू लागल्या. आम्ही पाठोपाठ. मागे काट्याच्या कुंपणात सहा तासं ज्वारी उभी होती, उंच. त्यातल्या पंधरा-वीस कणसांवर शाळेच्या गणवेशाचे पांढरे मोजे चढवलेले होते, कणीस आत आणि तोंड देठाशी सुतळीने आवळलेलं. चिमण्यांपासून वाचवायला नातवंडांचे जुने मोजे, असं त्यांनी सांगितलं. मंदाताई पुढे गेल्या. एका मोज्याची सुतळी सोडून त्यांनी तो वर सरकवला, कणसातला एक दाणा काढला, दोन बोटांत दाबला, तोंडात टाकला. 

"मायचीच हाये," त्या म्हणाल्या.

"मंग कोनाची राहीन?" शोभाताई म्हणाल्या. "त्या सालापासून दर साली लावतो आमी. पोरं दुसरा हुर्डा तोंडात घेत नाई."

"सांगतलं काऊन नाई मंग, आक्का?"

"सांगतलं असतं तं तू म्हनली असती, पाह्यलं का!"

"म्हनलीच असती," मंदाताई म्हणाल्या आणि कणसाला मोजा पुन्हा चढवू लागल्या. सुतळी त्यांच्याकडून लवकर बांधली जाईना, कारण डोळ्यांना पाणी आलं होतं. शोभाताईंनी ती त्यांच्या हातातून घेऊन बांधून टाकली.

त्या वेळी माझ्या खांद्यांवरून काय उतरलं ते सांगता येणार नाही. मी कुंपणाजवळच्या दगडावर बसलो आणि मला एकदम कडकडून भूक लागली. शोभाताईंनी ते तोंडावरून ओळखलं असावं. फोडणीची भाकरी, वर कच्चं तेल, आणि चहा आला. मी दोन ताटल्या संपवल्या. दिगंबरभाऊंनी तीन, आणि बहिणीने प्रत्येक ताटलीला त्यांना कोंबड्यांवरून टोचलं.

उभी कणसं वाळायला अजून महिना होता, पण मागच्या वर्षीचं बी घरात होतं. शोभाताईंनी आतून एक मातीचं मडकं आणलं, तोंड शेणामातीने लिंपलेलं. फोडल्यावर आत राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला, आणि त्याखाली ज्वारी. किडे नाहीत, ओल नाही. मी दाणे तळहातावर घेऊन पाहिले. शंभरात एखादा फुटका. माझ्या सव्वीस वर्षांत इतका स्वच्छ माल मी थोड्याच वेळा पाहिला असेल, आणि तसं मी त्यांना म्हणालोही. त्या म्हणाल्या, "पाहा, पन मोज्याइकडं पाहू नका. चिंध्यांवानी ते बी सोडसान." सुषमा इतकी हसली की तिला ठसका लागला.

मला वाटलं, आता पिशवीत भरून देतील. मी घडीची पिशवी पुढेही केली. शोभाताईंनी ती बाजूला सारली, भावजयीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि पदर पसरायला सांगितला. आमच्याकडे ओटी तांदळाची किंवा गव्हाची भरतात. इथे पाच ओंजळी ज्वारी भरली गेली. पाचवी ओंजळ घालताना त्या भावजयीच्या कानाशी काहीतरी बोलल्या. ते मला ऐकू आलं नाही, आणि सुषमाने ऐकलं असूनही ती सांगत नाही. मडक्यात तेवढंच बी शिल्लक राहिलं होतं. दोन घरांत दोन वाटे असलेले बरे, असं ठरलं. पुढच्या वर्षी सुषमाच्या शाळेतल्या बाईंच्या गावी तिसरा वाटा पाठवायचं सुषमाने कबूल केलं.

उन्हं कलताना निघालो. मंदाताईंनी पदराची टोकं कमरेला खोचून ओटी मांडीवर धरली होती. सुषमाने हात पुढे केला, जरा वेळ माझ्याकडे द्या म्हणाली, तर त्यांनी दिली नाही. घाट सुरू झाला, खाली सगळा मुलूख उन्हात दिसायला लागला, आणि दिगंबरभाऊंना पुन्हा वाचा फुटली. कुठलं गाव कुठे ते हात सोडून दाखवत त्यांनी पहिलं वळण जरा जोरातच घेतलं.

"सावकाश हाना," मागून मंदाताई म्हणाल्या. "मांडीवर बी हाये."